वरची बाजू

मुसफ्फ्याला, पत्र्याच्या शेडमध्ये, एसी बावीसवर लावून
आम्ही उभी भोकं सांभाळतो
आडवी करून.
लाकडी पेट्या, तीन-तीन फुटांच्या.
डावीकडे वर, उजवीकडे खोल.
वाचायचं मराठीसारखं,
इथल्या पाट्यांसारखं नाही.

गुरुवारी रात्री गुल जमानच्या फोर्कलिफ्टचा दात
रॅकला घासला
आणि आठ हजार दोनशे चौदापासूनचे नऊ फूट
फरशीवर आले.
शुऐबाचा चुनखडक. अकरा कोटी वर्षं जमिनीत,
सत्तेचाळीस पेटीत.
आवाज मात्र पंगतीत ताटं सांडल्यासारखा.

गुल जमान उकिडवा बसला.
नोकरी गेली, म्हणाला.
मग जरा थांबून: भाईजान, यात वर कुठलं?

बाणांची शाई उडालेली.
अर्ध्या तुकड्यांवर लाल-काळी रेघ,
उरलेल्यांवर रेघेचा नुसता संशय.

मी बादली आणली, तुकडे ओले केले.
ओला दगड बोलतो, हे म्हंकाळमामाचं.
मामा पारनेरकडे विहिरी खणायचा.
शाळा पाहिली ती शाळेची विहीर खणताना.
दोराला लटकून उतरायचा आणि खालून ओरडायचा:
माती. मुरूम. मांजऱ्या.
मग गेरूचा लाल पट्टा, वीतभर.
इथं डोंगरानं दम खाल्ला, म्हणायचा.
मग काळा. काळ्याला सुरुंग.
पुढे वर्गात कळलं की दोन लाव्हांच्या मधली
ती हजारो वर्षांची उसंत,
पावसात कुजून लाल झालेली.
मामानं मजुरी फुटावर घेतली होती.
उसंतीचे पैसे कुणी दिले नाहीत.

मामाच्या दगडात कुणी राहिलेलं नव्हतं.
इथे सगळी वस्तीच.
शिंगांसारखे शिंपले, एकमेकांना टेकलेले,
दाटीवाटीत उभ्याउभ्यानं मेलेले.
आम्ही कडेला कड लावत गेलो,
फुटलेल्या खापराची लावावी तशी.
पहाटे तीनपर्यंत सात फूट जुळले.
एक तुकडा मात्र दोन्हीकडून झिजलेला,
कुणाचाच नसलेला,
कसाही ठेवला तरी बसणारा.

मैथा अल मझरूईला फोन केला.
ती आली, अबायाच्या बाह्या दुमडलेल्या,
गळ्यात दोरीला भिंग.
ओरडली नाही. तुकडा दिव्याखाली धरला.
हा शिंपला पाहा, म्हणाली, अर्धा करडा, अर्धा पांढरा.
आधी आत चिखल शिरला. तो तळाशी बसला.
उरलेल्या पोकळीत मग स्फटिक वाढले.
चिखल तळाशीच बसतो. तेव्हाही बसायचा.

बोटाच्या पेराएवढा शिंपला
आणि आत गवंड्याच्या पाणसळीसारखी
सपाट रेघ.
तिनं तुकडा फिरवला. रेघ आडवी झाली.
करडं खाली, पांढरं वर.
साऱ्या समुद्रानं, म्हणजे जो आता नाही त्यानं,
एवढीच खूण ठेवली होती.
गुल जमाननं तो तीनदा उलटा केला,
तीनदा सुलटा,
आणि संध्याकाळपासून पहिल्यांदा हसला.

तरी शेवटी चार बोटं जागा उरली.
सुपलीतला केर चाळला. टेबलाखाली टॉर्च मारला.
मैथानं जुनी नोंद काढली:
ती चार बोटं कधी आलीच नव्हती.
वर ओढताना, तिथेच खाली कुठेतरी
सुटली.
म्हणजे सत्तेचाळीस वर्षं आम्ही
नसलेल्या दगडाची जागाही पुसत होतो.

मापाचा लाकडी ठोकळा कापला.
त्यावर इंग्रजीत लिहिलं: मिळाला नाही. खोली अमुक ते अमुक.
गुल जमान म्हणाला, तुझ्या भाषेतही लिही ना.
मी ठोकळा पालथा केला,
मुद्दाम उलटवल्याशिवाय दिसू नये अशा बाजूला
लिहिलं: इथं दम खाल्ला.

मग कडेला बाण काढला, ठळक.
लाकूडच ते. त्याच्या पोटात शिंपला नाही.
त्याला कोण सांगणार
वर कुठलं.